कशाला जगणं म्हणायचं, ते लिहून ठेवा

मंडळी, घर कुणाला, दागिने कुणाला, हे ठरवायला माणसं आवर्जून वकिलाकडे जातात. शुद्ध हरपल्यावर आपल्या देहाचं काय करायचं, ते मात्र ठरवायचं राहून जातं. मग तो निर्णय रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात, हातात संमतिपत्र घेऊन उभ्या असलेल्या मुलावर येऊन पडतो. 'डॉक्टर, करता येईल ते सगळं करा,' याशिवाय त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत तिथेच पडून होत्या. जवळजवळ ४२ वर्षं. त्यांना मरण द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ज्या परिचारिकांनी त्यांची इतकी वर्षं सेवा केली, त्यांना ते मान्य नव्हतं. दोन्ही बाजूंना अरुणांविषयी माया होती. त्यांचं स्वतःचं म्हणणं काय असतं, हे सांगायला मात्र कुणीच नव्हतं. हल्ला झाला तेव्हा वय २५. त्या वयात असं कोण लिहून ठेवतं?

९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची आणि पुढची वाटही इतकी किचकट होती की त्या वाटेला जाणं कठीणच. जानेवारी २०२३मध्ये ती सोपी झाली. आता साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं घाला, कारण एकुलतं एक नाव परदेशातल्या मुलाचं असेल, तर ऐन वेळी फोन लागत नाही. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मन बदललं, तर लेखी रद्द करता येतं. तशी वेळ आलीच, तर तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत मत देतात. म्हणजे एकट्या मुलाच्या किंवा एकट्या डॉक्टरच्या शब्दावर नळी निघत नाही.

कागद कुठे फसतो? बँकेच्या लॉकरमध्ये. आणि 'मला फार त्रास देऊ नका' या वाक्यात. त्रास कशाला म्हणायचं, हे दवाखान्यात प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातल्या नळीने अन्न, हृदय थांबल्यावर छाती दाबणं (म्हाताऱ्या हाडांच्या बरगड्या त्यात मोडतात), यांतल्या एकेकाचं नाव घेऊन लिहा: हवं, नको, की चार दिवस करून बघा आणि गुण नसेल तर थांबा. हा तिसरा पर्याय लोकांना सुचत नाही, आणि पुष्कळदा तोच सगळ्यांत शहाणपणाचा असतो.

पण या नावांच्या आधी एक ओळ लिहा, माझ्या मते सगळा कागद त्या ओळीसाठी आहे. काय शिल्लक असेल तोवर मी जगतोय असं मला वाटेल? कुणी म्हणेल, नातीला ओळखलं तरी पुरे, बाकी देह गेला तरी चालेल. कुणाला आपल्या हाताने चहाचा घोट घेता आला पाहिजे. कुणाला फक्त आपल्या घराच्या ओटीवर असायचंय. जन्मभर साठ-सत्तर वर्षं आपण नेमके कशासाठी उठत होतो, ते या एका ओळीत लख्ख कळतं. ती ओळ मुलांसमोर मोठ्याने वाचा. 'काहीतरी अभद्र बोलू नका' म्हणतील. वाचा तरी.

'इलाज थांबवा' म्हणजे वाऱ्यावर सोडा, असं नव्हे. वेदना शमवणं शेवटपर्यंत चालतं; पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात, मुंबईत वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात हेच काम होतं. मॉर्फिनची गोळी डॉक्टर बहुधा लहान मात्रेने, दर चार तासांनी सुरू करतात. दुखलं की द्यायची, असं केलं की दुखणं गोळीच्या पुढे पळतं. घड्याळ बघून द्यायची. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, नाहीतर बद्धकोष्ठच मूळ दुखण्यापेक्षा जास्त छळतं.

शेवटच्या दिवसांत भूक जाते. देह मिटत चाललाय म्हणून भूक जाते, आणि घरच्यांना वाटतं उपाशी ठेवल्यामुळे माणूस जातोय. मग चमच्याने पेज भरवतात, ती श्वासनलिकेत जाते. त्याऐवजी ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसा, ओठांना तूप लावा. दर दोन तासांनी कूस बदला. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर चट्टे येतात, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, माणसाला बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवलं की कमी होते. ऐकू येतंय असं धरूनच बोला. वाटणीचं बोलणं त्या खोलीत नको.

श्वास थांबल्यावर धावपळ करू नका. घरच्या डॉक्टरांना बोलवा, दाखला तेच देतील. नोंदणीला २१ दिवस असतात. नेत्रदान करायचं असेल, तर मात्र हाताशी सहा तासच आहेत. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा आणि डोक्याखाली एक उशी द्या.