वापरलेला ट्यूबा विकताना आणि पारखताना

(दोन ट्यूबांच्या मध्ये बसून, कॅमेऱ्याकडे पाहत)

नमस्कार. ट्यूबा म्हणजे फुंकून वाजवायचे, खर्जाचे, पितळेचे मोठे वाद्य. माझ्या दोन्ही बाजूंना उभे असलेले हे दोन्ही ट्यूबा सी पट्टीचे आहेत, दोन्हींना रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलण्यासाठी दाबायच्या फिरत्या झडपा आहेत आणि दोन्ही माझ्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी वर्षानुवर्षे वाजवलेले आहेत. डावीकडचा इतका चकचकीत आहे की त्यात माझ्या खोलीची खिडकी दिसते. उजवीकडच्याचे लॅकर, म्हणजे धातूवरचा चकचकीत लेप, जागोजागी उडालेले आहे आणि खालच्या मोठ्या वळणावर तळहाताएवढा पोचा आहे. दर आठवड्याच्या तालमीला मी उजवीकडचा घेऊन जातो. डावीकडचा मी केवळ छायाचित्रे पाहून घेतला आणि त्यानंतर तो अनेक महिने दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे पडून होता. वापरलेल्या ट्यूबाची किंमत डोळ्यांनी ठरवू नये, ती व्हॉल्व्हवरून आणि सुरावरून ठरवावी, असे मी जे आग्रहाने सांगतो, ते या दोन वाद्यांच्या आधारावर सांगतो.

मी शिकागोजवळच्या एका हौशी बँडमध्ये ट्यूबा वाजवतो. मुलगा किंवा मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवते, आता शाळा संपेल तेव्हा शाळेचे वाद्य परत करावे लागेल, मग पुढे काय, असे अमेरिकेतले मराठी आईवडील मला विचारतात. व्यावसायिक दर्जाचा नवा ट्यूबा घ्यायचा म्हटले की आकडा बहुधा दहा हजार डॉलरच्या पुढे जातो, त्यामुळे बहुतेकांची गाठ वापरलेल्या वाद्याशी पडते, आणि ते वाद्य पुष्कळदा दुकानातून न येता एका वादकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाते.

पहिली गोष्ट पट्टीची आहे आणि हार्मोनियम पाहिलेल्या माणसाला ती लगेच समजेल. ट्यूबा मुख्यतः चार पट्ट्यांत बनतात. बी फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच, सी म्हणजे पांढरी एक, ई फ्लॅट म्हणजे काळी दोन आणि एफ म्हणजे पांढरी चार. नळी जितकी लांब तितका स्वर खाली, या न्यायाने बी फ्लॅट ट्यूबाची मुख्य नळी सुमारे 18 फूट भरते, तर एफची सुमारे 12 फूट. अमेरिकेतल्या शाळांमध्ये बी फ्लॅट सर्रास दिसतो, येथील ऑर्केस्ट्रात आणि संगीत शिकवणाऱ्या महाविद्यालयांत सीला पसंती असते, ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडमध्ये ई फ्लॅट आणि बी फ्लॅट दोन्ही लागतात. विप्रेश्ट आणि मोरित्स यांनी 1835 साली बर्लिनमध्ये पेटंट घेतलेला मूळ ट्यूबा एफ पट्टीचा होता. पट्टी बदलली की स्वरांची बोटे बदलतात. म्हणून वाद्य स्वस्त मिळते आहे एवढ्यावरून वेगळ्या पट्टीचे घरी आणू नये. मुलाच्या शिक्षकांना आधी विचारावे.

पट्टीनंतर जाहिरातीत आकार लिहिलेला असतो, तीन चतुर्थांश, चार चतुर्थांश, पाच चतुर्थांश, सहा चतुर्थांश असा. या अपूर्णांकांना सर्व निर्मात्यांना लागू होणारे कोणतेही एक माप नाही. एका कारखान्याचा पाच चतुर्थांश दुसऱ्याच्या चार चतुर्थांशाहून लहान निघू शकतो. त्यामुळे विकणाऱ्याकडून कर्ण्याचा व्यास आणि व्हॉल्व्हमधील नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मागून घ्यावा. आकड्यांची तुलना करता येते, विशेषणांची करता येत नाही.

येथे मला वादकांमधल्या एका व्यवहाराची हकिकत सांगायची आहे, कारण ट्यूबाच्या जगात त्याहून मोठा व्यवहार मला माहीत नाही. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स येथील यॉर्क कंपनीने 1930 च्या दशकात दोन प्रचंड सी ट्यूबा बनवले. त्यांपैकी एक फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे वादक फिलिप डोनाटेली यांच्याकडे होता. वाद्यात खोट नव्हती, परंतु डोनाटेली यांच्या अंगाला ते नीट बसत नव्हते. त्यांनी ते आपला तरुण विद्यार्थी आर्नोल्ड जेकब्स याला 175 डॉलरला विकले, आणि तेही आठवड्याच्या हप्त्यांनी. पुढे 1944 पासून 1988 पर्यंत जेकब्स शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवत राहिले, त्या आवाजाचे अनुकरण करण्यासाठी स्वित्झर्लंडच्या हिर्सब्रुनर आणि जपानच्या यामाहा या कारखान्यांनी यॉर्कच्या प्रतिकृती काढल्या, आणि तो मूळ ट्यूबा आज शिकागो सिम्फनीच्या मालकीचा आहे.

या हकिकतीमुळे मी प्रत्येक विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे तुम्ही हे वाद्य का विकता. खांदा दुखतो, ऑर्केस्ट्रा सोडला, सीवरून एफकडे वळलो, हात पुरत नाही, ही सगळी रास्त कारणे आहेत आणि त्यांत वाद्याचा दोष नसतो. उत्तर नीट मिळत नसेल, तर मात्र पुढची तपासणी दुप्पट काळजीने करावी. जाहिरातीत कोणी "यॉर्कसारखा" असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ घडण तशी रुंद आहे एवढाच घ्यावा. त्या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

(व्हॉल्व्हचे जवळून दृश्य)

आता वाद्य मांडीवर घ्या. पहिली परीक्षा व्हॉल्व्हच्या हवाबंदपणाची. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी नळी, तीनचार बोटे बाहेर ओढा, मनात पाचपर्यंत आकडे मोजा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. "फट्" असा आवाज आला, तर आतली पोकळी टिकून होती, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट आहे. ऐका. (उजव्या ट्यूबाची स्लाइड ओढून) हा आला. आता हीच क्रिया डावीकडच्यावर करतो. (थांबून) काहीच नाही. पाच आकडे मोजेपर्यंत हवा झिरपून आत गेली होती. अशा वाद्यात खालचे स्वर फुंकताना श्वास वाया जातो, स्वर उशिरा उमटतो आणि शिकणारे मूल स्वतःलाच दोष देत बसते. एक सावधगिरी येथे अवश्य बाळगावी. जाड तेल घातले की झिजलेला व्हॉल्व्हही काही काळ घट्ट वाटतो. म्हणून जुने तेल पुसून, नेहमीचे पातळ तेल घालून हीच परीक्षा पुन्हा करण्याची परवानगी मागावी. सच्चा विकणारा नाही म्हणत नाही.

पिस्टनचा, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या व्हॉल्व्हचा ट्यूबा असेल, तर पिस्टन बाहेर काढून त्याच्या अंगावरचा मुलामा पाहावा. निकेलखालचा तांबूस किंवा पिवळा धातू पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडलेला दिसला, तर तो झिजला आहे. रोटरी व्हॉल्व्हचा खडखडाट ऐकून मात्र घाबरू नये. तो आवाज बहुधा तरफेच्या सांध्यांतून येतो आणि थोडक्या खर्चात बंद होतो. मागचे झाकण फिरवून काढले की आत फिरणाऱ्या रोटरच्या टोकावर आणि त्याच्या तबकडीवर बारीक खुणा दिसतात. व्हॉल्व्ह दाबून आणि सोडून, दोन्ही वेळा त्या खुणा एकमेकींसमोर आल्या पाहिजेत. येत नसतील, तर रबरी किंवा बुचाची गादी बदलायची आहे, एवढेच. पण रोटर हाताने वरखाली हलवल्यावर आतल्या आत डुलत असेल, तर तो खर्च मोठा आहे आणि किमतीत वजा झालाच पाहिजे.

दुसरी परीक्षा लीडपाइपची, म्हणजे ओठांना लावायचे माउथपीस बसते तेथून पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या अरुंद नळीची. वादकाचा ओला श्वास सर्वांत आधी येथेच साचतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओलाव्याने जस्त निघून गेले की मागे तांबूस, ठिसूळ धातू उरतो. बाहेरून तो गुलाबी ठिपक्यांसारखा दिसतो आणि ठिपक्याच्या मध्यावर अनेकदा गडद टिंब असते. वादक याला रेड रॉट म्हणतात. (डाव्या ट्यूबाच्या लीडपाइपवर बोट ठेवून) हे पाहा, वादकाच्या गालाकडच्या बाजूला, माझ्या नखापेक्षा लहान असे चार ठिपके आहेत. मला पाठवलेल्या एकाही छायाचित्रात ही बाजू नव्हती. लीडपाइप बदलता येतो, म्हणून एवढ्यावरून वाद्य नाकारावे असे मी म्हणणार नाही. पण हेच ठिपके मोठ्या वळणांवर पसरलेले दिसले, तर ते वाद्य तेथेच ठेवून घरी परत यावे.

आणि पोचे? नळी जितकी अरुंद आणि माउथपीसच्या जितकी जवळ, तितका पोचा स्वराला बाधतो. माझ्या उजवीकडच्या ट्यूबाचा हा तळहाताएवढा पोचा रुंद वळणावर आहे आणि त्याने माझ्या एकाही स्वराला त्रास दिलेला नाही, तर लीडपाइपवरचा वाटाण्याएवढा पोचाही स्वर अडवू शकतो. डाख दिलेले जोड उघडले आहेत का, तेवढे बोट फिरवून पाहावे.

आता सुराकडे येऊ, कारण येथे आपल्याला आपल्या संगीताची मोठी मदत होते. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा स्वरांश असतो. ट्यूबाच्या नळीतही तीच मालिका आहे. एकही व्हॉल्व्ह न दाबता ओठांनी वर चढत गेलात, तर षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम असे स्वर मिळतात. तो स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका. तानपुऱ्यात तो गोड लागतो. पण बँडमध्ये तोच स्वर कधी एखाद्या स्वरसंघाचा षड्ज होतो, कधी पंचम, आणि तेव्हा तो उतरलेला ऐकू येतो. काही ट्यूबांत तो आणखी खाली असतो, काहींत घडणीच्या कौशल्यामुळे बराच सावरलेला असतो. सी ट्यूबावर हा ई स्वर आहे आणि तो फारच उतरत असेल, तर वादक पहिला व दुसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून तोच स्वर दुसऱ्या वाटेने काढतात. वाद्य पाहायला जाल, तेव्हा या गंधाराजवळ वेळ घालवा. तो वाकडा असून जर पर्यायी बोटेही साथ देत नसतील, तर त्या ट्यूबाबरोबर पुढची दहा वर्षे प्रत्येक तालमीत तडजोड करावी लागेल.

सूर तपासताना ट्यूनरकडे, म्हणजे स्वर किती चढला-उतरला ते दाखवणाऱ्या यंत्राकडे, स्वतः पाहू नये. काटा दिसला की ओठ नकळत स्वर सावरून घेतात आणि वाद्याचा दोष झाकला जातो. ट्यूनर मित्राच्या हाती द्यावा, आपण डोळे मिटून सैल ओठांनी प्रत्येक स्वर धरावा आणि मित्राने किती सेंट वर, किती खाली, ते कागदावर लिहीत जावे. दोन ट्यूबांचे असे दोन कागद शेजारी ठेवले, म्हणजे जी तुलना होते, ती विकणाऱ्याच्या कितीही शब्दांनी होणार नाही.

दोन वाद्यांची तुलना करताना माउथपीस एकच, तेही आपले, असावे. मात्र अमेरिकन आणि युरोपीय माउथपीसच्या दांड्याची जाडी वेगळी असते. दांडा नीट बसला नाही, तर चांगले वाद्यही बेसूर वाटते. खोलीही एकच असावी. व्हर्जिनियातील फोर्ट मायर येथे अमेरिकन लष्करी बँडची ट्यूबा आणि त्याच्याच जातीच्या, पण लहान अशा युफोनियमची वार्षिक कार्यशाळा भरते, तेथे एका छताखाली कितीतरी ट्यूबा पाहायला मिळतात आणि ते पाहणे आनंदाचे असते. परंतु शेजारी इतर वादक फुंकत असताना कोणाला कशाचा सूर कळणार? तेथे वाद्य मांडीवर कसे बसते आणि बोटे कोठपर्यंत पोहोचतात, ते पाहावे आणि सुराची परीक्षा नंतर शांत सभागृहात घ्यावी. त्या सभागृहात एका जाणकाराला शेवटच्या रांगेत बसवावे, कारण कर्ण्याखाली बसलेल्या वादकाला जो आवाज भारदस्त वाटतो, तो पन्नास फुटांवर अनेकदा विखुरलेला असतो.

विकणाऱ्यांसाठी थोडे बोलतो. वाद्य स्वच्छ धुऊन घ्या, पण चकाकी आणण्यासाठी ते घासून नवे लॅकर देऊ नका. घासताना पितळ पातळ होते आणि जाणकार वादक अशा वाद्याला कमी किंमत देतो. जाहिरातीत निर्माता, मॉडेल, क्रमांक, पट्टी, व्हॉल्व्हची संख्या, झालेल्या दुरुस्त्या आणि ठाऊक असलेले सर्व दोष लिहा, लीडपाइपची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे द्या. वाद्यावर एखाद्या शाळेचा क्रमांक कोरलेला असेल, तर शाळेने ते विकल्याचा कागद जोडा. वाजवून दाखवणारा व्हिडिओ पाठवाल, तर घेणाऱ्याने तो हेडफोन लावून ऐकावा, असेही लिहा. सी ट्यूबाचा खालचा सी सुमारे 65 हर्ट्झचा असतो आणि तो मूळ कंप फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेर पडतच नाही.

शक्य असेल, तर अर्ध्या वाटेवर भेटून वाद्य हातोहात द्यावे. पाठवावेच लागले, तर ते आधी त्याच्या पेटीत आणि मग जाड खोक्यात अशा रीतीने बांधावे की सगळा भार मधल्या नळ्यांच्या भक्कम भागावर येईल आणि कर्ण्याची कड कोठेही टेकणार नाही, कारण प्रवासात पहिली वाकते ती हीच कड. घेणाऱ्याने खोके उघडतानाच चित्रण सुरू ठेवावे, कर्ण्याची कड संपूर्ण गोल फिरून पाहावी, प्रत्येक स्लाइड ओढून तो "फट्" आवाज ऐकावा आणि मगच वाद्य मिळाल्याचे विकणाऱ्याला कळवावे.