डोळ्यांआड की डोळ्यांदेखत?

श्रोतेहो, नमस्कार. "माझ्या अपरोक्ष कोणीतरी कपाट उघडले," असे आपण घरी सहज म्हणतो आणि ऐकणाराही त्यातून "मी घरी नसताना" एवढेच समजतो. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र नेमका उलटा आहे. 'पर' म्हणजे पलीकडे आणि 'अक्ष' म्हणजे डोळा. जे डोळ्यांच्या पलीकडे घडते ते परोक्ष आणि जे तसे नाही, समोर दिसते, ते अपरोक्ष. पुन्हा सांगतो, परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीचे सूत्र आहे, 'परोक्षे लिट्'. 'लिट्' हे त्या भूतकाळाचे व्याकरणातले नाव. मराठी कानाला 'अ' ऐकू आला की काहीतरी नसल्याचा भास होतो आणि ते नसणे माणसाच्या गैरहजेरीला जाऊन चिकटले असावे, असे मला वाटते. गीतेच्या सातव्या अध्यायातला 'अनुत्तम' असाच फसवतो. त्याचा अर्थ ज्याहून उत्तम काही नाही असा आहे. शाळेत समासाचा विग्रह केवळ गुणांसाठी पाठ करून घेतात, हे मला फार खटकते. तो मुलांनी मोठ्याने बोलून पाहिला पाहिजे.

हा एक शब्द आमच्या घराला महागात पडला होता. माझे आजोबा पुण्यात संस्कृत शिकवत आणि त्यांचे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादा म्हणत, कोकणातले घर आणि आंब्याची कलमे सांभाळत. वाटणीची वेळ आली तेव्हा आजोबांनी पत्रात लिहिले, "वाटणी सर्व भावंडांच्या अपरोक्ष व्हावी, अशी माझी इच्छा आहे." सगळी भावंडे समोर बसलेली असावीत, असे त्यांना म्हणायचे होते. दादांनी त्याचा अर्थ घेतला तो असा की, इतरांना न कळवता दोघांनीच उरकून घ्यावे. आणि ज्यांनी कलमांच्या हिशेबाची वही जन्मभर सर्वांसाठी उघडी ठेवली, त्यांना धाकट्या भावाने लबाडी सुचवावी, याचे इतके दुःख झाले की त्यांनी उत्तरच पाठवले नाही. त्या वर्षी आंब्याची पेटी आली नाही, गणपतीचे बोलावणेही आले नाही. आजोबांना कारण कळेना. अखेर त्यांची धाकटी बहीण ते पत्र घेऊन पुण्याला आली आणि म्हणाली, "अण्णा, हे तू लिहिलंस?" आजोबांनी पत्र पुन्हा वाचले, त्या शब्दापाशी थांबले आणि चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ते गावी गेले आणि पडवीत दादांपुढे बसून त्यांनी पर, अक्ष, अ असा सारा विग्रह सांगितला. दादांनी तो शांतपणे ऐकला आणि एवढेच विचारले, "मग सरळ 'डोळ्यांदेखत' का नाही लिहिलंस?"

बोलताना कोणी रूढ अर्थाने 'अपरोक्ष' म्हणाले तर त्याला टोकू नये, असे माझे मत आहे. परंतु मृत्युपत्र, करारपत्र किंवा सभेचे इतिवृत्त लिहिताना हा शब्द कृपया टाळावा. तेथे 'गैरहजेरीत' लिहावे किंवा 'समक्ष' लिहावे. पुन्हा सांगतो, 'गैरहजेरीत' किंवा 'समक्ष'.

ते पत्र आज माझ्याकडे आहे. 'अपरोक्ष' या शब्दावर आजोबांनी आडवी रेघ मारली आहे, वर 'डोळ्यांदेखत' असे लिहिले आहे आणि खाली पाचही भावंडांच्या सह्या आहेत.