नोट कुणी दिली? ‘तमस’ पुन्हा बघताना

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला होता ‘दूरदर्शनचे सोनेरी दिवस’. मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, सोनेरी वगैरे मला काही आठवत नाही, आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट होता. ते हसले. म्हणाले, मग त्याच्यावरच बोला. तर आज त्याच्यावरच बोलतो.

आमच्याकडे म्हणजे तरी शेजारच्या काकूंकडे. 1988 चा जानेवारी. कल्याणला आमची चाळ, आणि आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, तो लाकडी शटरचा. शटर सरकवताना इतका आवाज व्हायचा की टीव्ही सुरू झाल्याचं सगळ्या मजल्याला कळायचं. रविवारी सकाळी ‘रामायण’. आदल्या वर्षीच्या जानेवारीत ते सुरू झालं होतं. काकू टीव्हीला हार घालायच्या, उदबत्ती लावायच्या, चपला गॅलरीत काढून आत यायचं. त्याच टीव्हीवर, तो हार सुकून लोंबत असताना, रात्री उशिरा ‘तमस’ लागायचं, 47 च्या दंगलीवरची मालिका. मी 19 वर्षांचा होतो आणि वकिलीला जायचं नुकतंच ठरवलं होतं. चित्र खराब झालं की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं काम माझं. त्यामुळे ‘तमस’चा बराच भाग मी बघितलाच नाही, गच्चीतून ओरडून विचारला: “आता आलं का?”

गेल्या वर्षी मुलीच्या लॅपटॉपवर पुन्हा लावलं, आणि पहिल्याच मिनिटाला चकित झालो. मालिका रंगीत आहे! गेली पस्तीस-छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत होतो की गोविंद निहलानींनी ‘तमस’ मुद्दाम काळंपांढरं केलं, काळोखावरची गोष्ट आहे ना म्हणून. एकदा तर भाषणातही सांगितलंय. ‘तमस’ म्हणजे अंधार, त्यामुळे सिद्धांत छान बसायचा. तो सिद्धांत काकूंच्या टीव्हीचा होता, निहलानींचा नव्हता.

आणि रंग कसले, तर मातीचे, तपकिरी, दिव्याच्या वातीचे. निहलानी स्वतः छायाचित्रकार. सुरुवातीला ते व्ही. के. मूर्तींचे साहाय्यक होते, गुरुदत्तच्या चित्रपटांतली ती काळीपांढरी जादू ज्यांची, ते मूर्ती. ‘तमस’च्या छायाचित्रणात निहलानींच्या बरोबर त्याच मूर्तींचं नाव आहे. म्हणजे शिष्याच्या मालिकेसाठी गुरू कॅमेरा धरतोय. आमचा काळापांढरा टीव्ही अगदीच खोटं बोलत नव्हता, असं मी स्वतःचं समाधान करून घेतलं.

आता ती सुरुवात. ज्यांनी पाहिलंय त्यांच्या अंगावर अजून येत असेल. एक अंधारी खोली, मिणमिणता दिवा, एक डुक्कर आणि नत्थू. ओम पुरी. नत्थूचं काम मेलेल्या जनावराचं कातडं काढायचं. जिवंत डुक्कर कसं मारतात ते त्याला येतच नाही. ठेकेदारानं सांगितलंय, ढोरांच्या डॉक्टरसाहेबांना हवंय, सकाळी गाडीवाला येऊन घेऊन जाईल. हातात पाचाची नोट ठेवलीय. नाही म्हणायची सोय नाही, कारण याच ठेकेदाराच्या हातून रोजची कामं मिळतात. मग रात्रभर तो माणूस आणि ते जनावर. डुक्कर मरत नाही. नत्थू दमतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. ओम पुरींचा चेहरा घामानं चकाकतो आणि तुम्हाला कळत नाही, यातला अडकलेला कोण. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं. पुढचं सांगायला नको.

1988 ला मला वाटलं होतं, हा प्रसंग फार लांबलाय. काकूंनी तर पहिल्या दोन मिनिटांतच तोंड फिरवलं होतं. आता कळलं की तो लांबवायलाच हवा होता. इथे बघणाऱ्याला दमवलं नाही, तर नत्थूनं नोट परत का केली नाही, हा प्रश्न आपण पुढे अगदी सोपेपणानं विचारू. रात्रभर त्याच्याबरोबर त्या खोलीत काढल्यावर तो प्रश्न तोंडातून निघत नाही.

पण मला दुसरा प्रश्न पडला. 19 व्या वर्षी पडला नव्हता, कारण तेव्हा मी कोर्ट आतून पाहिलं नव्हतं. ठेकेदारानं नत्थूला नोट दिली. ठेकेदाराला कुणी दिली?

आम्ही फौजदारी वकील अशी साखळी शोधतो. हा दुवा, तो दुवा, पुढचा दुवा. मी खरोखर वही घेऊन बसलो. मुलगी हसत होती. सगळे भाग संपले तरी माझ्या वहीत ठेकेदाराच्या पुढची ओळ कोरीच. भीष्म साहनींची मूळ कादंबरी काढून पुन्हा वाचली, तिथेही नाही. ठेकेदार आहे, मुराद अली त्याचं नाव. त्याच्यामागे कोण, हे साहनी सांगत नाहीत. कादंबरीच्या शेवटी शहरात शांततेची बस फिरते, आणि त्या बसमध्ये बसून अमनच्या घोषणा देणारा कोण, तर हाच मुराद अली. तरुणपणी वाचताना मला हा लेखकाचा कच्चा दुवा वाटला होता. रहस्यकथा अर्धवट सोडल्यासारखा.

तीस वर्षं कोर्टात काढल्यावर मी काय सांगू? दंगलीच्या खटल्यातली आरोपपत्रं मी बरीच वाचलीत. त्यात नत्थूचं नाव असतं. वय, धंदा, राहणार अमुक, सगळं असतं. क्वचित ठेकेदाराचं असतं. त्याच्या वरचं पान नसतंच. साहनींनी कच्चा दुवा ठेवलेला नव्हता, त्यांनी कागदपत्रं जशी असतात तशी लिहिली होती.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर थोडा वेळ तिथेच थांबतो. तुम्ही कंटाळणार नाही याची काळजी घेतो. काही भाग लागले आणि आरडाओरडा सुरू झाला. ही मालिका दाखवली तर दंगली होतील, जुन्या जखमा उघड्या पडतील. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला, आणि न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. मग प्रकरण खंडपीठापुढे गेलं. न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर. या दोघांनी काय केलं असेल? त्यांनी मालिका बघितली. सगळी. हे ऐकायला साधं वाटतं, पण विरोध करणाऱ्यांतल्या किती जणांनी ती पूर्ण बघितली होती, हा मला आजही पडणारा प्रश्न आहे. बघून झाल्यावर त्यांनी स्थगिती उठवली.

त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयातही याचिका होती, तिथलाही निकाल फेब्रुवारी 1988 मध्ये लागला. भारतीय दंड विधानाचं कलम 153-अ, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवण्याचा गुन्हा, इथे लागतो का, हा मुद्दा होता. आणि यातला माझा आवडता भाग सांगतो. न्यायालयानं आधार घेतला तो 1946 च्या एका नागपूरच्या निकालाचा. न्या. व्हिव्हियन बोस यांचा. त्यात कसोटी अशी सांगितलीय की शब्दांचा परिणाम मोजायचा तो विचारी, खंबीर, धीट माणसाच्या मापानं. ज्याचं मन डळमळीत आहे, किंवा ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो, त्याच्या मापानं नाही. 1946 साली नागपुरात लिहिलेलं हे वाक्य, 47 च्या दंगलीवरच्या मालिकेला 88 साली वाचवतं. कायद्याच्या वर्गात आम्हाला हा निकाल शिकवला, तेव्हा मी हात वर करून सांगितलं होतं की सर, मी ती मालिका पाहिलीय. सरांनी विचारलं, कशी वाटली? मी म्हणालो, काळीपांढरी. वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांच्याकडेही बहुधा शटरचाच असेल.

बरं, मालिकेत सगळंच उत्तम आहे असं नाही. रिचर्ड, तो इंग्रज डेप्युटी कमिशनर, आणि त्याची बायको यांचे प्रसंग आता अवघडल्यासारखे वाटतात. दोघं एकमेकांशी कमी आणि प्रेक्षकांशी जास्त बोलतात. फोडा आणि झोडा हे आपल्याला समजावून सांगायची जबाबदारी जणू त्या दोघांवर टाकलीय. पण शहरातली मंडळी त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन जातात, काहीतरी करा म्हणून विनवतात, आणि तो सभ्यपणे त्यांना परत पाठवतो, तो प्रसंग मात्र तेव्हापेक्षा आज जास्त झोंबला. ए. के. हंगल तिथे ज्या पद्धतीनं ऐकून घेतात ना! अर्ज घेऊन साहेबाच्या दारात उभं राहणं काय असतं, हे मला 19 व्या वर्षी माहीत नव्हतं.

वय वाढलं की माणसं बदलून दिसतात. तेव्हा मी सगळा वेळ नत्थूबरोबर होतो. आता माझा जीव हरनामसिंगमध्ये अडकला. खेड्यातला म्हातारा शीख दुकानदार. बायको बंतो, म्हणजे दीना पाठक, म्हणते निघू या, आणि तो म्हणतो, कशाला, इथे सगळे मला ओळखतात. मला हे वाक्य फार ओळखीचं वाटलं, मीही तेच म्हणालो असतो. हरनामसिंगचं काम केलंय स्वतः भीष्म साहनींनी. 1915 साली रावळपिंडीत जन्मलेला माणूस, 47 ची तिथली दंगल डोळ्यांनी पाहिलेला, तिच्यावर कादंबरी लिहिलेला, आणि सत्तरी ओलांडल्यावर कॅमेऱ्यासमोर पुन्हा एकदा आपलं घर सोडून चालतोय. याला अभिनय म्हणायचं का काय, मला ठरवता येत नाही.

हे दोघं रात्रभर चालून एका मुसलमान घराच्या दाराशी येतात. दार उघडते राजो. सुरेखा सिक्री. घरातले पुरुष लुटीला गेलेत, आणि लुटून आणलेल्या सामानात याच हरनामसिंगची ट्रंक आहे. राजोच्या चेहऱ्यावर करुणा वगैरे ओतलेली नाही. ती वैतागलेली आहे. ही ब्याद दारात कशाला आली, असा तो वैताग आहे, आणि तरीही ती त्यांना आत घेते. चांगुलपणा करणारी माणसं बहुतेक वेळा अशीच कुरकुरत करतात, हे या बाईनं भुवईच्या एका हालचालीत दाखवलंय. या कामाला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळ्यापांढऱ्यात मला ती भुवई दिसली नव्हती.

गुरुद्वाऱ्यातल्या बायका जीव द्यायला विहिरीकडे जातात त्याबद्दल मी बोलणार नाही. उत्तरा बावकर पुढे असतात. रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात मार्च 1947 मध्ये खरंच तसं घडलं होतं. मुलीनं तिथे माझा हात धरला होता, एवढंच.

आता एक गोष्ट, जी मला 1988 ला माहीत नव्हती. साहनींनी ही कादंबरी 47 नंतर लगेच लिहिली नाही. मधे बावीस-तेवीस वर्षं गेली. 1970 मध्ये भिवंडीत दंगल झाली. भाऊ बलराज साहनींबरोबर ते भिवंडीला आले, जळलेल्या वस्त्यांतून फिरले, आणि तिथे त्यांना रावळपिंडी दिसली. दिल्लीला परतल्यावर लिहायला बसले. म्हणजे ‘तमस’ची गोष्ट रावळपिंडीची, पण तिचा दरवाजा उघडला तो भिवंडीत. कल्याणपासून किती लांब आहे भिवंडी? मधे खाडी, एवढंच.

माझे वडील भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. 70 ला तिथेच होते. 84 च्या मे महिन्यात पुन्हा दंगल झाली तेव्हाही. तेव्हा ते कित्येक दिवस घरी बसून होते आणि रोज सकाळी डबा मात्र भरून घ्यायचे, हे मला आठवतं. पुढे तोच डबा दुपारी घरात बसून खायचे.

‘तमस’च्या पहिल्या भागाला ते काकूंकडे आले होते. शहरात कुजबुज सुरू झाली, दारं लागायला लागली, तेव्हा उठले. म्हणाले, “पान घेऊन येतो.” रात्री त्या वेळी आमच्या नाक्यावर पानवाला नसतो हे सगळ्या चाळीला माहीत होतं. पुढच्या भागांना ते आले नाहीत. मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. ते जाऊन आता बारा वर्षं झाली.

मुलीचं सांगतो आणि थांबतो. पहिला भाग आम्ही दोघांनी एकच इअरफोन वाटून घेऊन पाहिला, एक कानात तिच्या, एक माझ्या. त्या सुरुवातीच्या संगीतातला आक्रोश, वनराज भाटियांचा, मी अर्ध्या कानानं का होईना, पहिल्यांदाच नीट ऐकला. काकूंकडे रात्री आवाज बारीक ठेवायचा नियम होता. डुकराच्या प्रसंगात ती म्हणाली, “बाबा, पुढे ढकलू का?” मी म्हटलं, नको. तिनं ढकललं नाही. भाग संपल्यावर मी पुढचा लावायला गेलो, तर तिनं लॅपटॉप मिटला. “आज नको.”

दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी विषय काढला नाही. पुढचा भाग आम्ही बरोबर आठवड्यानं पाहिला.