मिलानच्या एका निविदेची गोष्ट

इटलीतल्या मिलान शहरात सॅन सिरो स्टेडियमभोवती ११ गोल मनोरे आहेत. १९९०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी प्रेक्षकांचा तिसरा मजला चढवला, तेव्हा ते उभे राहिले. त्याच स्पर्धेसाठी मिलान महापालिकेने स्टेडियमच्या कामाच्या निविदा मागवल्या होत्या.

आलेले दर अंदाजित रकमेपेक्षा सरासरी १९.४८ टक्के चढे होते. इटलीत तेव्हा एक तातडीचा वटहुकूम लागू होता. त्याच्या आधारे महापालिकेने निविदा-सूचनेत हिशेब घातला होता: या सरासरीतून १० वजा करायचे, ९.४८ टक्क्यांपेक्षा कमी वाढ मागणारा प्रत्येक जण आपोआप बाद. फ्रातेल्ली कोस्तान्झो या कंपनीचा दर तर अंदाजित रकमेच्याही खाली होता. तिची निविदा गेली. एवढ्या पैशांत काम कसं करणार, हे तिला कुणी विचारलंच नाही.

खरं तर विचारायलाच हवं होतं. दर संशय यावा इतका कमी असेल, तर आधी खुलासा मागवा, तो तपासा, असं युरोपीय समुदायाचा, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाचा, १९७१चा निर्देश सांगत होता. निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय नियम.

महापालिकेतल्या अधिकाऱ्याने मग कुणाचं ऐकायचं?

लोम्बार्डीच्या प्रशासकीय न्यायालयाने हा प्रश्न लक्झेंबर्गला, युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. २२ जून १९८९ला उत्तर आलं. निर्देशातली तरतूद नेमकी आणि बिनशर्त असेल, तर नागरिक तिच्या आधारे सरकारविरुद्ध दाद मागू शकतो, हे आधीच ठरलेलं होतं. मग त्याच सरकारी कार्यालयांवर ती पाळण्याचं बंधन नाही, असं कसं म्हणता येईल? महापालिकासुद्धा यातून सुटत नाही. देशाचा कायदा आड आला, तर तो त्या प्रकरणापुरता बाजूला ठेवायचा.

मला हे योग्य वाटतं. नाहीतर ज्याच्याकडे वकिलाची फी भरायला पैसे आहेत, त्यालाच हक्क मिळेल.

पुढे आयर्लंडमध्ये पोलीस भरतीच्या ३५ वर्षांच्या वयोमर्यादेवरून वाद झाला. भेदभावाची तक्रार ऐकणारी यंत्रणा तिथे न्यायालय नव्हती. तरीही युरोपीय कायद्याला छेद देणारा देशाचा नियम बाजूला ठेवण्याचा अधिकार तिला असलाच पाहिजे, असं डिसेंबर २०१८मध्ये लक्झेंबर्गने सांगितलं.

पण एक गोष्ट मनाला लागते. न्यायाधीशाला शंका आली, तर तो लक्झेंबर्गला विचारू शकतो. निविदा उघडून बसलेल्या महापालिकेच्या अधिकाऱ्याला ती वाट नाही. कायदा बाजूला ठेवायचा की नाही, हे त्याला तिथेच, आपल्या टेबलावर ठरवावं लागतं.