राहत्या घराची अंतर्गत रचना

श्रोतेहो, नमस्कार.

घराच्या अंतर्गत सजावटीचा विषय निघाला की अनेकांच्या डोळ्यांपुढे मासिकांतली चकचकीत छायाचित्रे उभी राहतात. त्या खोल्यांत चार्जरची वायर लोंबत नसते, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत नसतो, औषधांची पिशवी दिसत नाही आणि बहुधा माणूसही दिसत नाही. छायाचित्र काढण्यापूर्वी हे सारे उचलून ठेवलेले असते हे ठाऊक असूनही स्वतःच्या घराचे काम काढताना आपण तेच चित्र कारागिरापुढे धरतो. माझ्या मते राहत्या घराची रचना कामाच्या दिवशी संध्याकाळी, सगळी माणसे घरी परतलेली असताना जोखली पाहिजे. आणि त्यासाठी रंग, फरशी, पडदे यांच्या निवडीआधी घरातली माणसे कुठे उभी राहतात, कुठे वाकतात आणि हातातली वस्तू कुठे टाकतात, हे नीट पाहिले पाहिजे.

ही दृष्टी नवी नाही. १९२६ साली मार्गारेटे लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार महिलेने जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. त्याची रुंदी दोन मीटरपेक्षाही कमी आणि लांबी साधारण साडेतीन मीटर होती. कोणत्या कामाला किती पावले पडतात आणि किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडून तिने शेगडी, भांडी धुण्याची जागा आणि खिडकीलगतचा ओटा यांचा क्रम ठरवला. बसून चिरता यावे म्हणून ओट्यापुढे फिरते स्टूल ठेवले, साली आणि देठे लोटण्यासाठी ओट्यातच कप्पा केला आणि छतावरचा दिवा हवा तिथे सरकवता येईल अशी सोय केली. त्या वसाहतींत अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. गंमत अशी, की त्याआधी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे तिनेच पुढे सांगितले आहे. या रचनेवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. पावले वाचवण्याच्या नादात खोली इतकी आवळली गेली की तीत दुसरे माणूस मावेना. मदतीला येणाऱ्याला उभे राहायला जागा उरली नाही आणि स्वयंपाक करणारी बाई एकटी पडली. वावराचा अभ्यास एकाच माणसापुरता केला की असे होते.

मापांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे लागते. तयार ओटे बहुधा ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीचे असतात. ओटा काम करणाऱ्याच्या कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली असला की खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरेतही वाकावे लागत नाही. पीठ मळण्यासारख्या जोर लावायच्या कामाला तो आणखी थोडा खाली असलेला बरा. घरात उंच आणि ठेंगणी अशी दोन्ही माणसे स्वयंपाक करत असतील, तर मी ठेंगण्या माणसाच्या मापाच्या बाजूने झुकेन. उंच माणसाला चिरण्यासाठी जाड फळी घेऊन भागवता येते; ठेंगण्याने मात्र रोज गरम भांड्यांशेजारी स्टुलावर चढून उभे राहावे, हे काही बरे नव्हे.

पसाऱ्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नवे कोरे घरही तिथेच हार खाते. पुष्कळ शयनगृहांत एक खुर्ची अशी असते, जिच्यावर कधीच कोणी बसत नाही. तिच्यावर एकदा घातलेले कपडे साठत जातात; ते धुवायला टाकण्याइतके मळलेले नसतात आणि धुतलेल्या कपड्यांच्या घडीवर ठेवावेत इतके स्वच्छही नसतात. भिंतभर कपाट करून घेतले तरी ही खुर्ची रिकामी होत नाही, कारण त्या कपाटात अशा मधल्या अवस्थेतल्या कपड्यांचा विचारच झालेला नसतो. दाराआड, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर चार-सहा भक्कम खुंट्या ठोकल्या, तर महागड्या कपाटाने जे साधले नाही ते बऱ्याच अंशी साधते. किल्ल्या, छत्री, कामावरून आणलेली पिशवी यांनाही हाच नियम लागू आहे: वस्तू जिथे आपोआप टेकते, तिथेच तिला हक्काची जागा द्यावी. ती ठेवण्यासाठी आधी दार उघडायचे, मग डबा ओढायचा, मग झाकण काढायचे, असे असेल, तर घरातल्यांना कितीही शिस्त लावा, ती वस्तू बाहेरच राहणार. गादी उचलून उघडायच्या पलंगपेटीत म्हणूनच वर्षातून एकदा-दोनदा लागणारे सामान ठेवावे. उघड्या फळ्यांचे सध्या मोठे कौतुक होते; मला ते फारसे पटलेले नाही. रोज वापरातली भांडी तिथे चालतील, बाकीच्यांवर स्वयंपाकाची वाफ आणि धूळ मिळून चिकट थर बसतो आणि तो खरवडायचे काम शेवटी कोणाच्या तरी वाट्याला येतेच.

उजेडाच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे खोलीच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावणे. ओट्याकडे तोंड करून उभे राहिले की तो दिवा पाठीमागे येतो आणि आपलीच सावली सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला पट्टीचा दिवा लावला की ही अडचण मिटते. आरशासाठी दिवे दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर असावेत, कारण वरून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या पडतात. दिव्याच्या खोक्यावर केल्विन या एककात आकडा छापलेला असतो. २,७०० च्या आसपासचा उजेड पिवळसर आणि निवांत वाटतो, ६,५०० चा निळसर पांढरा असतो आणि झोपायच्या खोलीत तो नकोसा होतो. घरात वयस्कर माणसे असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साठीतल्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यामुळे मुलाला पुरेसा वाटणारा दिवा आईला अपुरा पडतो आणि तिने तक्रार केली तर ती उगाच केलेली नसते. तिच्या वाचायच्या खुर्चीजवळ वेगळा, हवा तसा वळवता येणारा दिवा हवा, आणि त्याचे बटण बसल्या जागेवरून हाताला लागले पाहिजे.

आवाजाचा विचार तर क्वचितच होतो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि मोठाल्या काचा असलेल्या खोलीत चार माणसे बोलू लागली की शब्द एकमेकांवर आदळतात. जाड चुणीदार पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट यांमुळे घुमणारा आवाज बराच शोषला जातो.

सुतारकाम सुरू करण्यापूर्वी करण्यासारखी एक तपासणी आहे, आणि तिला जवळजवळ काही खर्च येत नाही. ठरलेल्या फर्निचरच्या मापाने रिकाम्या जमिनीवर कागदी चिकटपट्ट्या लावाव्यात. ये-जा करायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर उरतात का, सोफा आणि टीपॉय यांमध्ये ४० ते ४५ सेंटिमीटर राहतात का, कपाटाचे दार पूर्ण उघडून समोर उभे राहता येते का, हे त्यावरून दिसते. चाकाची खुर्ची वापरणारे कोणी असेल तर ती वळण्यासाठी दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ मिळते का, तेही पाहावे. काही दिवस त्या पट्ट्यांनाच पलंग आणि कपाट मानून वावरावे, रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठून पाहावे. ज्या पट्टीवर पुन्हा पुन्हा पाय पडेल, तिथले फर्निचर आराखड्यातच कमी करून घ्यावे, कारण प्लायवूड कापून झाल्यावर तीच दुरुस्ती फार महाग पडते.