एक बाटली लावा, बाई

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यवाह, आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून सव्वापाचपासून येऊन बसलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'सततचा थकवा : कारणे व उपाय'. त्यातला 'उपाय' माझा नाही. मी फोनवर सांगितलं होतं, 'डॉक्टरकडे केव्हा जावं'. कार्यवाह म्हणाले, बाई, उपाय लिहिल्याशिवाय लोक येत नाहीत. गर्दी बघून त्यांचंच बरोबर होतं असं दिसतंय.

आधी एक विचारते. गेल्या वर्षभरात ताप नाही, जुलाब नाहीत, नुसता थकवा आला म्हणून सलाईन लावून घेतलेले किती जण आहेत? हात वर करा. लाजू नका, इथे माझ्याकडे सुई नाहीये. तिसऱ्या रांगेतले काका, तुमचा हात अर्धाच वर आलाय. अर्धीच बाटली घेतली होती का?

तालुक्याच्या या गावात मी ३४ वर्षं दवाखाना चालवला. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे 'एक बाटली लावा, बाई'. आणि लावली नाही की पेशंट उठून पलीकडच्या गल्लीत जायचा. तिथे लगेच लावून मिळायची. खाटा कमी पडल्या तर बाकावर निजवून, खिडकीच्या गजाला बाटली अडकवून. त्यांचं नाव घेत नाही, त्यांचे पेशंट इथे बसलेत. आणि माझाही हिशेब स्वच्छ नाही, ते पुढे सांगते.

त्या बाटलीत असतं काय? साधं सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ, चमचाभर सुद्धा नाही. ग्लुकोजची बाटली घेतलीत तर अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर. म्हणजे पाच चमचे. एका चपातीने जेवढी ताकद मिळेल साधारण तेवढीच, आणि चपातीला सुई टोचावी लागत नाही. मग पिवळी बाटली. तिचा मान मोठा, दरही मोठा. त्याच पाण्यात जीवनसत्त्वांचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक झाली की पेशंट खूश, औषध लागू पडलं म्हणून. अहो, लागू पडलं नाही, बाहेर पडलं! शरीराला नको होतं तेवढं त्याने टाकून दिलं.

मग बरं का वाटतं? तासभर आडवं पडायला मिळतं म्हणून. आमच्या भागातल्या बाईला दिवसाउजेडी तासभर कोण झोपू देतं? दवाखान्यात देतात. सासू बाहेर बाकावर बसते, नवरा शहाळं आणतो. या आरामाला मी नावं ठेवत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तोंडाने काही टिकत नसेल, डेंग्यूत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, नसांबाहेर गळत असेल, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. माझं भांडण बाटलीशी नाही. बाटली लावली की प्रश्न विचारणं संपतं, त्याच्याशी आहे.

आता माझा हिशेब. १९९४ साल असेल. गुरुवारचा बाजार, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. पस्तिशीची एक बाई आली. उसाच्या भांगलणीला जाणारी. 'अंगात त्राण न्हाई बगा बाई, येक बाटली लावा.' बाहेर चाळीस माणसं. मी लावली. पंधरा दिवसांनी परत आली. परत लावली. तिसऱ्या खेपेला ती खाटेवर आडवी होताना पदराची गाठ सुटली आणि फरशीवर पाटीवरच्या पेन्सिली पडल्या. आठ-दहा. काही अख्ख्या, काही दातांनी कुरतडलेल्या. मी उचलून देत म्हटलं, पोराच्या का गं? तिने मान खाली घातली. मग म्हणाली, 'म्या खाते.' किती? 'दिसाला येक पुडा.' घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलाच्या दप्तरातल्या पेन्सिली संपतात म्हणून तो मास्तरांचा मार खात होता, ते मात्र गावाला माहीत होतं.

इथे बसलेल्या बायकांपैकी काही जणी आत्ता एकमेकींकडे बघतायत, मला दिसतंय. माती, पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, फ्रिजमधला बर्फ. हे खावंसं वाटणं म्हणजे खोड नव्हे. अंगातलं लोह संपत आल्याची ती खूण असू शकते.

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवं. तिथे कागद होता. त्या वेळी आमच्याकडे हिमोग्लोबिन मोजायला साहलीची नळी असायची. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या आम्लात सोडायचा, मग थेंबाथेंबाने पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेच्या रंगाशी जुळवायचं. मी दोनच थेंब घातले असतील, रंग काचेपेक्षा फिका झाला. सहाच्या खाली. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या वर हवं आणि आठाच्या खाली तीव्र रक्तक्षय धरतात. ही बाई सहाच्या खालच्या रक्तावर दिवसभर ऊस भांगलत होती. आणि मी तिच्या रक्तात दोन वेळा पाणी ओतलं होतं. एवढ्या कमी रक्तावर हृदय आधीच जीव तोडून पळत असतं. वरून बाटलीमागून बाटली चढवली तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. तिला काही झालं नाही, हे माझं नशीब.

मग विचारलं, पाळी? 'नऊ-धा दीस.' किती वर्षं? 'धाकटा झाल्यापास्नं.' धाकटा सात वर्षांचा होता. सात वर्षं तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिसऱ्या खेपेपर्यंत मीही नाही. बाई डॉक्टर असून. तिच्या गर्भाशयात गाठ होती. जिल्ह्याच्या गावी रक्त चढवलं, ऑपरेशन झालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर पंधरवड्यात पेन्सिलची इच्छाच गेली. मला म्हणाली, 'आता वास बी नको वाटतो.'

आणखी गंमत ऐका. महिन्याने रक्त पाहिलं तर वाढ अगदी बेताची. गोळ्या चुकवत होती का? एकही नाही. रोज सकाळी नेमाने, चहाबरोबर! चहा लोहाला आतड्यातून रक्तात नीट जाऊ देत नाही. मग लिंबूपाण्याबरोबर दिली आणि चहाला दोन तास लांब ठेवलं. रक्त बाराला पोचल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या, कारण साठा भरायचा असतो.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' हे कसं झालं? मी अजून विषयाला हात घातलेला नाही.

बरं. त्या बाईने मला एक शिकवलं. 'थकवा' म्हटलं की आधी विचारायचं, म्हणजे नक्की काय होतं? जिना चढताना दम लागतो याला कुणी थकवा म्हणतं. तिथे रक्त, हृदय, फुप्फुस बघायचं. कुणाला दिवसा डुलक्या येतात. त्याच्या बायकोला विचारा, हा घोरतो का, घोरता घोरता श्वास थांबतो का? कुणाचे जमिनीवरून उठताना पाय उचलत नाहीत, तो स्नायूंचा प्रश्न. आणि कुणी म्हणतं, होतं सगळं, पण करावंसं वाटत नाही. तिथे मनाकडे बघायचं. चौघांनाही आपण एकच पिवळी बाटली लावतो.

आता भराभर. रक्तक्षय सगळ्यात आधी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होत्या. म्हणजे वाढल्या! पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत रक्त कमी निघालं तर नुसती गोळी घेऊन बसू नका. रक्त जातंय कुठून ते शोधा. मूळव्याध असेल, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण झाला असेल, आतड्याचा कर्करोगही असू शकतो. नंदुरबार, गडचिरोलीकडचं घराणं असेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी करून घ्या.

बी-१२ जीवनसत्त्व. ते मिळतं मांस-अंडी-दुधातून. आपण शाकाहारी माणसं, त्यात दूधही जेमतेम. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक जणींत हे जीवनसत्त्व कमी होतं. तळपायाला मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, विसराळूपणा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ अधूनमधून तपासाच.

थायरॉईड. वजन वाढतंय, बद्धकोष्ठ, सगळे घामाघूम आणि तुम्हाला शाल हवी. टीएसएच ही एक रक्ततपासणी करा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. मधुमेह : तहान, रात्री उठून उठून लघवी, खाऊनही वजन घटतंय. क्षयरोग : दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, भूक मेलेली. थुंकीची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात फुकट होतात. मूत्रपिंड, यकृत यांचा नुसता उल्लेख करून पुढे जाते. चालू औषधंही डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या माणसाला मरगळ आणतात, पण त्या मनाने बंद करू नका.

मन राहिलं. दोन आठवडे कशातच गोडी नाही, पहाटे तीनला जाग येते, रडू येतं, तर तो आळस नव्हे. जगणं नको असा विचार आला तर थांबू नका, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर रात्री-अपरात्रीही चालू असतो.

जायचं केव्हा? लग्नघर झालं, परीक्षा झाली, कापणी झाली आणि चार दिवस अंग दुखलं, तर झोपा. दोन-तीन आठवडे नीट झोपून-जेवूनही थकवा हटत नाही, तर जा. वजन उतरतंय, ताप राहतोय, गाठ लागतेय, पाळीत जास्त रक्त जातंय, किंवा गरोदर आहात, तर त्या आठवड्यातच. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर त्याच दिवशी जा. आणि छातीवर दाब, बसल्याजागी दम, दरदरून घाम, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं, एका बाजूचं बळ गेलं, बोलणं अडखळलं, यातलं काही असेल तर १०८. तिथे 'थकवा असेल, जरा पडून राहते' म्हणू नका. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखता, नुसता प्रचंड थकवा आणि दम घेऊन येतो.

दुसरी चिठ्ठी. 'बाई, चहा आलाय.' ज्यांची लोहाची गोळी संध्याकाळी असते त्यांनी एक तर गोळी रात्रीवर ढकला, नाहीतर तुमचा कप तिसऱ्या रांगेतल्या काकांना द्या.