वाफेच्या गावी, थंडीच्या दिवसांत

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी उन्हाळा गाठतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण बाथ हे गाव मात्र डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पाहावे, असे माझे मत आहे. ज्या गरम झऱ्यांमुळे हे गाव वसले, त्यांची वाफ खरी उठून दिसते ती हवा बोचरी झाल्यावरच.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून गाडी सुमारे दीड तासात बाथला पोहोचते. वाटेत ब्रुनेल या अभियंत्याच्या हातचा, १८४१ मध्ये खुला झालेला बॉक्सचा बोगदा लागतो. जवळजवळ तीन किलोमीटरचा तो अंधार सरला की थोड्याच वेळात मधाच्या रंगाच्या दगडांची घरे दिसू लागतात. गाडी सकाळचीच धरावी, कारण या दिवसांत चार वाजताच अंधारून येते.

या झऱ्यांवर रोमनांनी बांधलेले स्नानगृह दुपारनंतरसाठी राखून ठेवावे आणि आधी चढ चढून रॉयल क्रेसेंटकडे जावे. वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात उभारलेली ही चंद्रकोरीच्या आकाराची ३० घरांची ओळ समोरून अगदी एकसारखी आहे. मागच्या बाजूला मात्र ज्याने त्याने आपल्या मर्जीप्रमाणे बांधकाम केले आहे, आणि मला ती मागची बाजूच अधिक माणसाळलेली वाटते. उतरताना न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाच्या घरापाशी थांबावे. पेशाने संगीतकार असलेल्या विल्यम हर्शेल यांना १३ मार्च १७८१ च्या रात्री याच घरामागच्या बागेतून, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीत, युरेनस प्रथम दिसला.

आता स्नानगृह. मुख्य कुंडाच्या काठाशी, वर्दळीने झिजलेल्या रोमनकालीन फरशीवर उभे राहिले की हिरव्या पाण्यावरून वाफेचे पदर सरकताना दिसतात. रोमन काळी या कुंडावर छप्पर होते. ते गेल्यावर पाण्यावर ऊन पडू लागले आणि शेवाळाने पाण्याला हा रंग दिला. झरा ४६ अंश सेल्सियसचा आहे आणि दिवसाला अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी देतो. मेंडिपच्या टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस खोल मुरून, जमिनीच्या पोटात तापून, खडकातल्या भेगेवाटे असा वर येतो. वज्रेश्वरीच्या कुंडात न्हालेल्या माणसाला कढत पाण्याचे अप्रूप नसेल. परंतु इथे पाण्यात हात घालण्याचीही मनाई आहे. आंघोळीची हौस असणाऱ्यांसाठी २००६ पासून शेजारीच नवे स्नानगृह आहे.

रोमन लोकांनी इथल्या सुलिस देवीला आपल्या मिनर्व्हाशी एकरूप करून तिचे देऊळ बांधले, आणि भाविक तिला गाऱ्हाणे घालत ते शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरून. पत्रा झऱ्यात टाकला की तक्रार देवीच्या दरबारी रुजू झाली. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. दोसिमेदिस नावाच्या एका गृहस्थाचे दोन हातमोजे चोरीला गेले होते, आणि चोराचे डोळे जावेत, त्याची बुद्धीही जावी, अशी त्याची मागणी आहे. घरी बसून वाचताना ही शिक्षा फार वाटते. जानेवारीत उघड्या बोटांनी त्या पत्र्यासमोर उभे राहिल्यावर तितकीशी वाटत नाही.

निघण्यापूर्वी, जास्तीचे पाणी जिथून बाहेर पडते ती कमान चुकवू नये. लोहाने तांबूस झालेल्या दगडावरून पाणी आवाज करीत रोमनांनीच बांधलेल्या गटारात उतरते आणि पुढे एव्हन नदीला मिळते. तिथे क्षणभर वाकले की चष्मा पार धुरकटतो. तो पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत बाहेर दिवे लागलेले असतात आणि परतीच्या गाडीची वेळ झालेली असते.